वाटणीत आलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

वाटणी हा शब्द आपल्याला नवा नाही. शेत वाटलं जातं, विहिरीचं पाणी पाळीपाळीनं वाटून घेतलं जातं, राहत्या घराच्या मधोमध भिंत उभी राहते. एका पितळी घंगाळावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. वकिलीच्या व्यवसायात मी अशा वाटण्यांच्या याद्या खूप वाचल्या. जमीन गट नंबराप्रमाणे, मग झाडं, मग गुरं, मग भांडीकुंडी. पण आज ज्या यादीबद्दल मी बोलणार आहे तिच्यात गुरांच्या आसपासच माणसांची नावं आहेत. नाव, वय, काम आणि त्यापुढे किंमत.

१७५७ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डॅनियल पार्क कस्टिस नावाचा एक मळेवाला वारला. व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. मळेवाला म्हटलं की आपल्याला आसामातला चहा आठवतो. हा मळा तंबाखूचा. कस्टिसच्या मागे सुमारे १७,५०० एकर जमीन होती आणि ३०० च्या आसपास गुलाम. मृत्युपत्र मात्र नव्हतं. घरात २६ वर्षांची बायको मार्था आणि दोन लहान मुलं, जॅकी आणि पॅट्सी. या मार्थानं दीड वर्षानं दुसरं लग्न केलं, ते जॉर्ज वॉशिंग्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी. तो पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणून या घराण्याचे हिशेब, याद्या, पत्रं, सगळं जपून ठेवलं गेलं. एका मळेवाल्या घराण्याची मिळकत सव्वाशे वर्षं कशी हातोहात फिरली, हे इथे कागदोपत्री पाहायला मिळतं.

आम्ही वकील मंडळी म्हणतो, तुम्ही मृत्युपत्र केलं नाहीत तर सरकार तुमच्यासाठी करून ठेवतं. कस्टिसचं मृत्युपत्र इंग्लंडच्या कायद्यानं केलं. त्या कायद्याप्रमाणे सगळी जमीन थोरल्या मुलाची. विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा, पण तो तिच्या हयातीपुरता. तिनं उत्पन्न खावं, वहिवाट करावी. विकता येणार नाही, कुणाला देता येणार नाही. ती गेली की हिस्सा मूळ नवऱ्याच्या वारसांकडे परत. इंग्रजीत याला ‘डावर’ म्हणत. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे समजावून सांगायला नको. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत आपल्या विधवांचा हक्क जवळपास असाच मर्यादित होता; त्या कायद्याच्या कलम १४ नं तो पुरा मालकीचा केला. पैसाअडका, सामानसुमान यांची गोष्ट वेगळी. त्याचे तीन भाग होऊन आई आणि दोन मुलं यांना एकेक मिळाला. आता प्रश्न असा की, गुलाम यांपैकी कशात धरायचे?

व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं या प्रश्नाचं उत्तर १७०५ सालीच देऊन ठेवलं होतं. वारसाहक्कापुरते गुलाम हे स्थावर, म्हणजे जमिनीसारखे. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. चालतंबोलतं माणूस स्थावर कसं? पण त्यामागे मळेवाल्यांचा पक्का व्यवहार होता. नुसती जमीन थोरल्याकडे गेली आणि ती कसणारे हात भावंडांत पांगले, तर तंबाखू पिकवायचा कुणी? आपल्याकडे औतकाठी आणि बैलजोडी शेताबरोबर राहावी असं म्हणतात, तोच हिशेब. मात्र त्याच कायद्यात एक मेख होती. सावकाराचं कर्ज वसूल करायची वेळ आली तर हेच गुलाम जंगम! जप्ती आणून त्यांना बाजारात उभं करता येई. म्हणजे वारसासाठी जमीन आणि सावकारासाठी गुरंढोरं, अशा दोन्ही बाजूंनी त्यांना बांधलं होतं.

याच्याही आधीचा एक कायदा १६६२ सालचा. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. इंग्लंडमध्ये कूळ, नाव, हक्क, सगळं बापाकडून येई. इथे तेवढ्यापुरता नियम उलटा केला. मळ्याच्या मालकाला दासीपासून मूल झालं तर ते मुलगा म्हणून वारस होणार नाही, मिळकत म्हणून वारसाकडे जाईल. मला विचाराल तर सगळ्या व्यवस्थेची किल्ली या दोन कायद्यांत आहे.

कस्टिस घराण्यात हे कागदावरचं राहिलं नाही. डॅनियलचा बाप जॉन कस्टिस हा मोठा विक्षिप्त गृहस्थ. बायकोशी त्याचं इतकं बिनसलं की, आपल्या थडग्यावर काय कोरायचं तेही त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. आशय असा की, वय ७१ असलं तरी हा माणूस जगला फक्त सात वर्षं, आर्लिंग्टनच्या घरी एकटा राहत होता तेवढी. मुलानं हा लेख कोरून घेतला नाही तर त्याला एक शिलिंग देऊन बाकी मिळकतीतून वगळावं, अशी धमकीही जोडली. थडगं अजून आहे आणि लेखही आहे. मुलानं धोका पत्करला नाही. या जॉन कस्टिसला एका दासीपासून जॅक नावाचा मुलगा होता, असं इतिहासकार मानतात. त्याचा त्याच्यावर फार जीव. डॅनियलनं मार्थाशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा, तू ऐकलं नाहीस तर सगळी मिळकत जॅकला देईन, असं म्हातारा म्हणू लागला. त्यानं जॅकला गुलामीतून मुक्त केलं, त्याच्या नावे जमीनही केली. जॅक १७५१ साली लहान वयात वारला. म्हणजे मार्था सून म्हणून ज्या घरात आली, तिथे एक भाऊ वारस होता आणि दुसरा भाऊ बापाच्या मर्जीनं मिळकतीतून माणसांत आला होता.

डॅनियलच्या आजोळची कथा याहून गुंतागुंतीची. त्याच्या आईचा बाप डॅनियल पार्क हा वेस्ट इंडीजमधल्या लीवर्ड बेटांचा गव्हर्नर होता. १७१० साली अँटिग्वा बेटावरच्या चिडलेल्या जमावानं त्याला ठार मारलं. मृत्युपत्र उघडलं तर अँटिग्वाची मिळकत तिथल्या अनौरस मुलीला, आणि व्हर्जिनियाची व इंग्लंडची जमीन थोरल्या औरस मुलीला. वर अट अशी की, वारसांनी पार्क हे नाव लावलंच पाहिजे. म्हणून पुढच्या पिढ्यांत प्रत्येकाच्या नावात ‘पार्क’ दिसतं. पण खरी गोम कर्जाची. पार्कचं कर्ज कुठल्या मिळकतीनं फेडायचं? धाकटा जावई विल्यम बर्ड यानं जमिनीच्या मोहानं काही कर्ज अंगावर घेतलं. ते अंदाजापेक्षा मोठं निघालं आणि जन्मभर त्याला पुरलं. अँटिग्वाकडच्या मंडळींनी १७२० च्या दशकात कस्टिसांवर जो दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि डॅनियल कस्टिस मेला तेव्हाही संपला नव्हता. विधवा मार्थाला जमीन मिळाली, गुलाम मिळाले आणि हा दावाही मिळाला. आपल्याकडे आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, त्याचं नवल वाटायला नको.

१७५९ च्या जानेवारीत मार्था वॉशिंग्टनबाईं झाली. विवाहित स्त्रीची जंगम मिळकत त्या काळी नवऱ्याची होई, त्यामुळे तिच्या वाट्याचा पैसा आणि सामान वॉशिंग्टनचं झालं. तिसऱ्या हिश्श्यातली जमीन आणि ८० हून अधिक गुलाम मात्र त्याच्या ताब्यात आले, मालकीचे झाले नाहीत. तो त्यांच्याकडून काम करून घेऊ शकत होता. विकू शकत नव्हता आणि मुक्तही करू शकत नव्हता. सावत्र मुलांच्या मिळकतीचा पालक म्हणून तो दरसाल न्यायालयात हिशेब सादर करी. माउंट व्हर्नन या त्याच्या घरी यानंतर दोन प्रकारचे गुलाम शेजारी शेजारी राहू लागले. काही वॉशिंग्टनचे स्वतःचे, काही ‘डावर’चे. कामं तीच, खोपटं तीच. साहजिकच त्यांची आपसांत लग्नं झाली. कायदा ही लग्नं मानत नव्हता, पण मुलं मोजत होता. बाप वॉशिंग्टनचा आणि आई डावरची असेल तर मूल डावरचं, म्हणजे अखेर कस्टिसांच्या वारसांचं. ४० वर्षांत डावरचे ८० चे १५३ झाले. बागेतल्या झाडांची फळं जशी मूळ मालकाची, तशी ही वाढ.

वारसही दरम्यान बदलले. पॅट्सी १७७३ मध्ये फेफऱ्याच्या आजारानं गेली. तिच्या पैशातला आईकडे आलेला वाटा वॉशिंग्टनच्या लंडनमधल्या कर्जाच्या कामी आला. जॅकी १७८१ साली यॉर्कटाऊनच्या लष्करी तळावर ताप येऊन वारला. लॉर्ड कॉर्नवॉलिस या इंग्रज सेनापतीनं वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली तेच हे यॉर्कटाऊन. जॅकीनंही मृत्युपत्र केलं नव्हतं. त्याच्या मागे तीन मुली आणि एक मुलगा: एलायझा, मार्था, नेली आणि जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. डावरच्या गुलामांचे आता हे चार धनी, आणि ते आजीच्या मृत्यूची वाट पाहणारे. वाट पाहणारे हा शब्द मी कायद्याच्या अर्थानं वापरतोय, मनाच्या नव्हे.

या चौघांतल्या एलायझाशी ज्या मुलीचं नशीब बांधलं गेलं, ती ओना जज. जन्म माउंट व्हर्ननचा. बाप अँड्र्यू जज, इंग्लंडहून करारावर आलेला गोरा शिंपी. आई बेटी, डावरच्या हिश्श्यातली. बाप करार संपल्यावर मोकळा झाला. मुलगी आईवर गेली. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियाला होती, आणि ओना मार्थाबाईंची खास दासी म्हणून तिथे असे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर त्याला मोकळीक मागता येई. वॉशिंग्टननं आपल्या चिटणिसाला १७९१ साली लिहिलं की, ही मुदत भरू देऊ नये, गुलामांना मधून मधून व्हर्जिनियाला पाठवावं. कारणांत एक कारण वारसाहक्काचं होतं: डावरचे गुलाम सुटले तर त्यांची भरपाई कस्टिसांच्या वारसांना आपल्या खिशातून द्यावी लागेल. गुलामांना हे कळू नये, अशीही काळजी त्या पत्रात आहे.

ओनाला मात्र दुसरं काही कळलं. १७९६ मध्ये एलायझाचं लग्न झालं आणि धनीधनीण गेल्यावर आपण एलायझाकडे जाणार, हे तिच्या कानावर आलं. मे महिन्यात, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, ती घराबाहेर पडली आणि जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली. तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानं तिचं मन वळवायचा प्रयत्न केला. तिनं निरोप दिला की, वॉशिंग्टन पतिपत्नी गेल्यावर मला मुक्त करणार असतील तर मी परत येते. वॉशिंग्टननं नकार दिला.

इथे कायद्याची सबब मला पुरत नाही. ओना त्याची नव्हती हे खरं, पण वारसांना तिची किंमत देऊन तो मोकळा होऊ शकत होता. त्याऐवजी १७९९ पर्यंत तिला पकडून आणायचे प्रयत्न चालू राहिले. तिनं एका खलाशाशी लग्न केलं, तीन मुलं झाली. मुलांचा बाप स्वतंत्र, जन्म न्यू हॅम्पशायरचा. तरी आईवरून मूल, या जुन्या नियमानं तीही व्हर्जिनियातल्या मिळकतीचा भाग धरली जात. ओना १८४८ मध्ये वारली तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं फरारीच होती.

आता वॉशिंग्टनचं मृत्युपत्र. ते त्यानं १७९९ च्या जुलैत स्वतःच्या हातानं लिहिलं. त्या वर्षी माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते: १२३ त्याचे, १५३ डावरचे आणि उरलेले शेजाऱ्यांकडून भाड्यानं घेतलेले. आपले सगळे गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावेत, म्हाताऱ्यांना पोसावं, अनाथ मुलांना लिहाय-वाचायला शिकवावं, असं त्यानं लिहिलं. लगेच का नाही, तर त्याच्या गुलामांची डावरच्या गुलामांशी लग्नं झालेली. अर्धं घर मोकळं आणि अर्धं बांधलेलं, हा प्रसंग पत्नीच्या डोळ्यांसमोर नको. डावरच्यांना मुक्त करणं आपल्या हाती नाही, हेही त्यानं स्पष्ट केलं. डिसेंबरात तो गेला.

या सोयीतून विचित्र स्थिती निर्माण झाली. १२३ माणसांची सुटका एका म्हाताऱ्या बाईच्या मरणावर टांगलेली, आणि ती बाई त्यांच्याच हातचं जेवतेय! १८०० च्या डिसेंबरात दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स तिला भेटल्या. मार्थाबाईंना आपला जीव सुरक्षित वाटत नाही, असं त्यांनी बहिणीला कळवलं. १ जानेवारी १८०१ रोजी मार्थाबाईंनी नवऱ्याचे गुलाम मुदतीआधीच सोडले. १८०२ च्या मे महिन्यात त्या वारल्या आणि ४५ वर्षं थांबलेली कस्टिसची वाटणी पुरी झाली. १५३ जणांच्या त्या पिढीचे चार वाटे पडले. नवरा कागदोपत्री स्वतंत्र, बायको एका नातीच्या घरी, मुलं दुसरीच्या घरी, असं होऊ शकत होतं आणि झालं. एलिश नावाचा एकच गुलाम मार्थाबाईंच्या स्वतःच्या पुऱ्या मालकीचा होता. त्याच्या बाबतीत कुठलाही कायदा आड येत नव्हता. त्याला त्यांनी मृत्युपत्रानं नातवाला दिलं.

एलायझाच्या नवऱ्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण तो आपल्याकडून गेलेला होता. टॉमस लॉ हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, बिहारमध्ये गयेचा कलेक्टर. जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकावा, असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. १७९३ मध्ये बंगाल-बिहारात कायमधारा लागू झाला, आणि तो लागू करणारा गव्हर्नर जनरल म्हणजे यॉर्कटाऊनला शरण आलेला तोच कॉर्नवॉलिस. लॉ हिंदी स्त्रीपासून झालेल्या आपल्या मुलांना घेऊन अमेरिकेत गेला आणि वॉशिंग्टनच्या सावत्र नातीचा नवरा झाला. ओनाऐवजी तिची धाकटी बहीण डेल्फी अखेर या घरात आली. १८०७ साली लॉनं तिला मुक्त केलं.

वॉशिंग्टन निदान स्वतःचे गुलाम सोडू शकला, कारण त्याच्या पाठीशी सावकार नव्हते. ज्याच्या मागे होते त्याचं उदाहरण टॉमस जेफरसन. वडिलोपार्जित जमीन एकाच वंशात अडकवून ठेवणारे आणि थोरल्यालाच सगळं देणारे व्हर्जिनियाचे कायदे त्यानंच पुढाकार घेऊन १७७६ आणि १७८५ मध्ये मोडून काढले. पण सासरे जॉन वेल्स १७७३ साली वारले तेव्हा त्याच्या वाट्याला सुमारे ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम आणि ब्रिस्टलच्या पेढीचं भलंमोठं कर्ज आलं होतं. जावयांनी कर्ज फिटायच्या आतच मिळकत वाटून घेतली आणि ते वैयक्तिकरीत्या देणेकरी झाले. माझ्या अशिलांना मी हीच गोष्ट सांगत आलो: आधी देणं, मग वाटणी. वेल्सच्या गुलामांत एलिझाबेथ हेमिंग्ज आणि वेल्सपासून झालेली तिची मुलं होती. म्हणजे जेफरसनच्या बायकोला बापाकडून वारशात सावत्र भावंडं मिळाली. त्यांतली सर्वांत धाकटी सॅली. तिच्या मुलांचा बाप जेफरसनच होता, हे आज बहुतेक इतिहासकार मानतात.

१८२६ साली जेफरसन मेला तेव्हा कर्ज १,०७,००० डॉलरवर गेलेलं. मृत्युपत्रानं त्यानं पाच जणांना मुक्त केलं. त्यांत जो फॉसेट हा लोहार होता, पण त्याची बायको एडिथ आणि मुलं नव्हती. १८२७ च्या जानेवारीत मॉन्टिसेलोच्या घरापाशी १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. फॉसेटची बायकामुलं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. तो स्वतः जुलैत मोकळा झाला आणि पुढची कित्येक वर्षं ऐरणीवर पैसे मिळवून बायकोला आणि काही मुलांना विकत सोडवत राहिला.

पुन्हा कस्टिसांकडे येऊ. चौघांतला मुलगा जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यानं १८०२ पासून वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीपलीकडे बापानं घेतलेल्या ११०० एकरांवर टुमदार वाडा बांधायला घेतला. नाव दिलं आर्लिंग्टन. त्या विक्षिप्त पणजोबांच्या थडग्यावर ज्या घराचा उल्लेख आहे, त्या जुन्या घराचं. त्याची एकुलती एक औरस मुलगी मेरी. तिनं १८३१ मध्ये रॉबर्ट ली या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. १८५७ मध्ये कस्टिस वारला. मृत्युपत्रात आर्लिंग्टन मेरीला हयातीपुरतं, नंतर थोरल्या नातवाला. चार नातींना प्रत्येकी १०,००० डॉलर. आणि सगळे गुलाम पाच वर्षांच्या आत मुक्त.

वाचायला उदार वाटतं. पण नातींचे ४०,००० डॉलर येणार कुठून? मळे तोट्यात, डोक्यावर कर्ज. व्यवस्थापक म्हणून लीनं सैन्यातून रजा घेतली आणि हिशेब मांडला: आधी देणग्या, मग सुटका. गुलामांचं म्हणणं असं की, धन्यानं आम्हाला आपण मेल्याबरोबर सोडणार म्हणून सांगितलं होतं. लीनं त्यांना भाड्यानं बाहेर पाठवलं, कुटुंबं फुटली. १८५९ मध्ये वेस्ली नॉरिस, त्याची बहीण मेरी आणि एक चुलत भावंड पळाले आणि पकडले गेले. लीच्या हुकमावरून आम्हाला फटके मारले, अशी नॉरिसची हकिगत १८६६ साली छापून आली. लीनं न्यायालयाकडे मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. २९ डिसेंबर १८६२ रोजी, पाच वर्षं पुरती उलटून गेल्यावर, त्यानं मुक्तीच्या दस्तावर सही केली. तोवर यादवी युद्ध पेटलं होतं आणि ली गुलामांचे मालक असलेल्या दक्षिणेचा सेनापती होता. तीनच दिवसांनी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला.

ज्या आर्लिंग्टनसाठी हा सगळा आटापिटा, ते लीच्या घराण्याच्या हातून गेलं कसं? ९२ डॉलर आणि ७ सेंट करापायी. उत्तरेच्या सैन्यानं ताब्यात घेतलेल्या त्या मिळकतीवर सरकारनं कर बसवला. मेरीनं नातेवाइकाहाती पैसे पाठवले; मालकानं जातीनं हजर राहिलं पाहिजे म्हणून ते नाकारले गेले. १८६४ च्या जानेवारीत लिलाव झाला, सरकारनंच बोली लावली आणि मे महिन्यात तिथे सैनिकांना पुरायला सुरुवात झाली. आज सारं जग ज्याला आर्लिंग्टनचं राष्ट्रीय कब्रस्तान म्हणतं, ते हेच. मेरी १८७३ साली वारली. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, ते त्यांनी अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना अर्पण केलेलं आहे. आईच्या मृत्यूनंतर थोरला मुलगा कस्टिस ली यानं सरकारवर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयानं १८८२ मध्ये पाचास चार मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी सरकारनं १,५०,००० डॉलर देऊन जमीन रीतसर विकत घेतली.

मेरीला मी एकुलती एक औरस मुलगी म्हटलं, ते जाणूनबुजून. तिच्या बापाला आरियाना कार्टर या दासीपासून मारिया नावाची मुलगी होती. मारियाचं लग्न १८२१ मध्ये आर्लिंग्टनच्या वाड्यातच चार्ल्स सायफॅक्स याच्याशी झालं. पुढे कस्टिसनं तिला मुक्त केलं आणि मळ्याच्या एका कोपऱ्यातली १७ एकर जमीन कसायला दिली. मात्र दस्त केला नाही, नोंद केली नाही. मृत्युपत्रातही तिचं नाव नाही. सरकारनं आर्लिंग्टन घेतलं तेव्हा ते १७ एकरही त्यातच गेले. मारियाकडे दाखवायला कागद नव्हता. होती ती चाळीसएक वर्षांची वहिवाट आणि आसपासच्या लोकांना ठाऊक असलेलं नातं. तिच्या मुलानं, विल्यमनं, खटपट केली. तो वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरीत होता. अखेर १८६६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं खास तिच्या नावाचा कायदा केला आणि ते १७ एकर तिला परत दिले. मेरीच्या मुलाला भरपाई मिळायला त्यानंतर आणखी १७ वर्षं लागली.